निरोप समारंभाचे दहा फोटो

महाशिवरात्रीला आमच्या कुणकेश्वरात पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला देऊळ आणि मधल्या वाटेवर खाजं, मालवणी लाडू, खेळणी, बांगड्या यांची दुकाने. ओहोटीला खडकात कोरलेली शिवलिंगे उघडी पडतात आणि लोक ती बघायला ओल्या पायांनी खडकांवरून चालत जातात. मुंबईला कामाला असलेले चाकरमानी गणपतीला येतात, तसे या जत्रेलाही येतात. १९९७ सालच्या जत्रेत असाच एक चाकरमानी मला भेटला. माझा बालमित्र. आठ-नऊ वर्षांनी भेटत होता. मी त्याला हाक मारली. तो थबकला, माझ्याकडे नुसता बघत राहिला आणि म्हणाला, ‘अरे, तुझा तोंड असा कित्याक झाला? वळखाक येना नाय.’

मी हसलो. वय झाले, असे काहीतरी बोललो. तो मात्र हसला नाही. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. त्याने माझा हात हातात घेतला, बोटे दाबून पाहिली, मग पायांकडे पाहिले. ‘चप्पल कितवा नंबर घालतस?’ असे त्याने विचारले. लग्नात मी आठ नंबरची चप्पल घातली होती. आता दहा नंबर लागत होता. जत्रेच्या गर्दीत उभे राहून दोन शहाण्या माणसांनी चपलेच्या नंबराची चर्चा करावी, याचे मला तेव्हा नवल वाटले होते.

मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला. दंतकथा कोणती आणि पुरावा कोणता, हे मुलांना सांगणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. कुणकेश्वराच्या देवळाची कथा आमच्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावरचा दिवा दिसला, जहाज वाचले आणि त्याने देऊळ बांधून दिले. वर्गात ही कथा सांगून झाली की मी विचारायचो, ‘याला पुरावा काय?’ मुले गप्प बसायची. हाच प्रश्न मी स्वतःच्या शरीराबद्दल दहा वर्षे विचारला नव्हता.

मित्राने जाताना सांगितले, जुने फोटो घेऊन मुंबईला ये. घरात लग्नाचा एक फोटो होता. पण शाळेत त्याहून मोठा खजिना होता. दहावीच्या मुलांच्या निरोप समारंभाला दरवर्षी एक ग्रुप फोटो निघायचा. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते ओळीने टांगलेले असत, खाली साल लिहिलेले. मी १९८७ ते १९९६ असे दहा फोटो भिंतीवरून काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. दहाही फोटोंत मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेलो होतो. पहिल्या फोटोत निमुळत्या चेहऱ्याचा एक तरुण शिक्षक होता. दहाव्या फोटोत भुवयांचे हाड पुढे आलेला, जाड नाकाचा, रुंद जबड्याचा एक अनोळखी गृहस्थ होता. मधल्या कोणत्याही दोन फोटोंत मात्र फरक दिसत नव्हता. तो बदल कुठल्याच एका वर्षात झालेला नव्हता.

रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही, ही या आजाराची पहिली खोड. बायकोला दिसला नाही, मुलांना दिसला नाही, आरशात रोज दाढी करणाऱ्या मलाही दिसला नाही. वर्षानुवर्षांनी येणाऱ्या पाहुण्याला तो दिसतो. अंगठी बोटात रुतू लागली तेव्हा ती सोनाराकडून कापून घेतली. आवाज घोगरा झाला, तर खडू आणि वर्गातले ओरडणे यांच्यावर ठपका ठेवला. घाम फार येऊ लागला, तर कोकणातला उकाडा होताच. घोरणे वाढले, रक्तदाब निघाला, मग साखर निघाली. प्रत्येक तक्रारीला एक वेगळे औषध मिळाले. सगळ्या तक्रारी एका माणसाच्या आहेत, याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. त्यात त्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. मीही त्यांना सगळे एका वेळी कधी सांगितले नव्हते.

या आजाराला नाव मिळाले ते १८८६ साली. पॅरिसमधले डॉक्टर पिएर मारी यांनी दोन स्त्री रुग्णांचे वर्णन लिहिले. हात, पाय आणि चेहरा मोठा होत गेलेला. त्यांनी या विकाराला ॲक्रोमेगाली म्हटले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शरीराच्या टोकांची वाढ. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. पुढच्याच वर्षी ओस्कार मिंकोव्स्की यांनी या विकाराचा संबंध पिट्युटरी ग्रंथीच्या वाढीशी जोडला.

पिट्युटरीला आपल्या शालेय पुस्तकात पियूषिका ग्रंथी म्हणतात. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खोबणीत ती बसलेली असते. त्या खोबणीला शरीरशास्त्रज्ञांनी तुर्की खोगिराचे नाव दिले आहे. ग्रंथीचा आकार वाटाण्याच्या दाण्याएवढा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. पण थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, बीजांडकोश, वृषण या सगळ्यांना हुकूम इथून जातात. वाढीचे संप्रेरक इथून, आईच्या दुधाचे संप्रेरकही इथूनच. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याची समजूत होती की मेंदूतला कचरा या ग्रंथीतून गाळून नाकात उतरतो. लॅटिनमध्ये शेंबडाला किंवा कफाला पिट्युइटा म्हणतात. ग्रंथीचे नाव त्यावरूनच पडले. सतराव्या शतकात श्नायडर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की सर्दीचे पाणी मेंदूतून येत नाही. समजूत गेली, नाव राहिले. आपल्या आयुर्वेदानेही नाकाला मस्तकाचे दार मानले आहे. नाकाचा आणि या ग्रंथीचा संबंध पुढे अगदी वेगळ्या तऱ्हेने खरा ठरला. तो कसा, ते सांगतो.

या ग्रंथीत होणारी गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. इतर कारणांनी मरण पावलेल्यांच्या शवविच्छेदनाच्या अभ्यासांत साधारण दहातल्या एका माणसात अशी बारीक गाठ सापडते. त्यांना ती आयुष्यभर कळलेलीही नसते. त्रास देणारी गाठ साधारण हजारात एकाला असते. दहा मिलिमीटरच्या आतली लहान आणि त्यापुढची मोठी, असा हिशेब डॉक्टर मांडतात. गाठ दोन तऱ्हांनी त्रास देते. एक तर ती एखादे संप्रेरक भरमसाट तयार करते. माझ्या गाठीने वाढीचे संप्रेरक तयार केले. दुधाचे संप्रेरक वाढले तर बाईची पाळी थांबते, मूल नसताना छातीत दूध येते, मूल राहत नाही. आपल्याकडे अशा बाईला किती ऐकून घ्यावे लागते, हे मी सांगायला नको. कितीतरी जणींनी नवस फेडले, उपास केले आणि सगळे खापर स्वतःच्या कपाळावर फोडून घेतले. त्यांच्यातल्या काही जणींचा दोष एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीतला असेल. या प्रकारच्या गाठीला बहुधा शस्त्रक्रियाही लागत नाही, गोळ्यांनी ती आक्रसते.

दुसरा त्रास जागेचा. ग्रंथीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर सरकली की त्या नसा दाबल्या जातात आणि दोन्ही बाजूंची बाहेरची नजर जाते. समोरचे नीट दिसते, फळ्यावरचे वाचता येते, पण कडेने येणारा माणूस दिसत नाही. जत्रेत माझे खांदे लोकांवर आपटायचे. दाराच्या चौकटीला कोपर लागायचे. ‘सर गर्वाने बघत नाहीत,’ असे काही विद्यार्थी घरी सांगत, हे मला फार पुढे कळले. मुंबईच्या डॉक्टरांनी लाल डोक्याची टाचणी माझ्या कानाकडून हळूहळू समोर आणली आणि दिसली की सांगा म्हणाले. टाचणी जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा मी ‘दिसली’ म्हणालो. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर एक आकृती काढली. माझे जग त्या आकृतीत एका अरुंद बोळाएवढे उरले होते.

मग ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला दिले आणि दर अर्ध्या तासाने रक्त काढले. निरोगी माणसात साखर पोटात गेली की वाढीचे संप्रेरक खाली येते. माझे आले नाही. एमआरआयमध्ये सव्वादोन सेंटिमीटरची गाठ दिसली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी माझे दहा फोटो मात्र सर्वांत जास्त वेळ पाहिले. दहा वर्षांचा पुरावा, तोही सालवार लावलेला, त्यांच्यासमोर क्वचितच येत असावा.

शस्त्रक्रियेचा इतिहास मी नंतर वाचला. तो आधी वाचला असता तर कदाचित पळून आलो असतो. १९०७ साली ऑस्ट्रियात इन्सब्रुक इथे हेर्मान श्लोफर यांनी रुग्णाचे नाक बाजूला वळवून त्या वाटेने गाठीपर्यंत हात घातला. रुग्ण थोडेच महिने जगला. १९१० साली व्हिएन्नात ओस्कार हिर्श यांनी नाकपुडीच्या आतूनच वाट काढली. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी १९०९ साली ॲक्रोमेगालीच्या एका शेतकऱ्यावर पहिली शस्त्रक्रिया केली आणि १९१० ते १९२५ या काळात या वाटेने २३१ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतले शंभरात सहाहून कमी दगावले. प्रतिजैविके नव्हती, स्टेरॉइड नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता, हे लक्षात घेतले तर हा आकडा थक्क करणारा आहे.

पण पुढे खुद्द कुशिंग यांनीच ही वाट सोडली आणि कवटी उघडून वरून जाणे पसंत केले. गुरूने सोडली तशी जगानेही सोडली. एडिंबरोचे नॉर्मन डॉट हे त्यांचे शिष्य मात्र नाकाच्या वाटेने जात राहिले. त्यांच्याकडून ती पॅरिसच्या जेरार गियो यांनी शिकून घेतली. गियो यांच्याकडून मॉन्ट्रियलचे ज्युल्स हार्डी शिकले. १९६० च्या दशकात हार्डी यांनी तिला शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाची जोड दिली आणि चांगली ग्रंथी ठेवून फक्त गाठ काढता येऊ लागली. आपल्याकडे घराण्याची गायकी एखाद्या शिष्यापायी टिकते, तसेच हे झाले.

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. मुंबईत परळचे केईएम रुग्णालय १९२६ सालचे. तिथे डॉ. होमी दस्तूर यांनी ही विद्या वाढवली आणि नाकामागच्या वाटेने पिट्युटरीची शस्त्रक्रिया आपल्या देशात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्याच रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली अतिमोठ्या पिट्युटरी गाठींच्या ११८ रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. चार सेंटिमीटरहून मोठ्या अशा त्या गाठी. एवढ्या मोठ्या गाठी इतक्या संख्येने येतात, याचा एक अर्थ असाही की आपले रुग्ण फार उशिरा पोहोचतात. केईएमच्या अवतीभवती गिरण्या होत्या आणि गिरण्यांत आमचे कोकणचे लोक. मीही उपचाराच्या काळात लालबागला गाववाल्यांच्या खोलीत उतरलो होतो. पंधरा माणसांच्या त्या खोलीत मला भिंतीकडची जागा दिली होती, कारण मी घोरत असे.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस नाकात बोळे होते आणि तोंडाने श्वास. तहान एवढी लागे की तांब्या पुरत नसे. तीही आठवड्यात आटोक्यात आली. तिसऱ्या आठवड्यात बोटे सैल झाली. हाड मात्र परत लहान होत नाही. जबडा तोच राहिला आणि चप्पलही दहा नंबरचीच राहिली. उजव्या डोळ्याची बाजूची नजर परत आली, डाव्याची पुरती आली नाही. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला गाठीचा तुकडा काढता आला नव्हता. त्यासाठी पाच आठवडे किरणोपचार झाले.

त्या दिवसांत मला आयर्लंडच्या चार्ल्स बर्नची गोष्ट कळली. साडेसात फुटांहून उंच असलेला हा तरुण लंडनमध्ये पैसे घेऊन लोकांना स्वतःला दाखवत असे. १७८३ साली बाविसाव्या वर्षी तो मेला. जॉन हंटर हा शल्यविशारद आपल्या देहावर टपून आहे, हे त्याला माहीत होते. म्हणून आपला देह समुद्रात सोडावा, अशी त्याची इच्छा होती. ती पाळली गेली नाही. हंटरने देह मिळवला आणि सांगाडा संग्रहालयात उभा केला. १९०९ साली त्याची कवटी उघडून पाहिली तेव्हा पिट्युटरीची खोबण रुंदावलेली दिसली, म्हणजे त्यालाही माझ्यासारखीच गाठ होती. वाढीच्या वयात झाली म्हणून उंची वाढली, मला चाळिशीच्या आसपास झाली म्हणून हाडे रुंद झाली. २०११ साली त्याच्या दातांतल्या डीएनएमध्ये एक जनुकीय दोष सापडला आणि उत्तर आयर्लंडमधल्या आजच्या काही कुटुंबांतही तोच दोष असल्याचे दिसले. त्या कुटुंबांतल्या मुलांची आता वेळेवर तपासणी होऊ शकते. २०२३ साली ते संग्रहालय नव्याने उघडले तेव्हा सांगाडा लोकांसमोर ठेवला नाही, पण तो अजून संस्थेकडेच आहे.

या गोष्टीचा दोन्ही बाजूंनी विचार करता मला आजवर निकाल देता आलेला नाही. त्या सांगाड्यातून निघालेले ज्ञान माझ्यासारख्यांच्या कामी आले, हे खरे. आणि समुद्रकाठी वाढलेल्या मला, समुद्रात विसावू मागणारा तो तरुण दोनशेहून जास्त वर्षे काचेआड उभा राहिला, हे सहन होत नाही, हेही खरे. माझ्याकडेही बाजारात मुले टक लावून बघत. ‘मास्तर राक्षसासारखे दिसतात,’ हे एका मुलाच्या तोंडून मी ऐकले आहे. मी त्याला शिक्षा केली नाही. त्याला जवळ बसवून पिट्युटरीचे चित्र काढून दाखवले.

किरणांनी गाठ निजली, पण काही वर्षांत तिच्याबरोबर उरलेली ग्रंथीही मंदावली. ग्रंथी वाढली तर एक संकट, सुकली तर दुसरे. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर ती सुकू शकते, हे इंग्लंडच्या हॅरल्ड शीहान यांनी १९३७ साली दाखवले. ब्रह्मदेशातल्या शेतकऱ्यांत घोणस चावल्यावर ती निकामी होते, हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. घोणस आपल्या बागांतही आहे. दंशातून वाचलेला माणूस पुढे महिनोन्‌महिने गळून गेलेला असेल, अंगावरचे केस झडत असतील, थंडी सोसत नसेल, तर ही तपासणी करायला डॉक्टरांना जरूर सांगावे.

मी रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेतो आणि दिवसातून दोनदा हायड्रोकॉर्टिसोनची. ही दुसरी गोळी म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइड वाईट, एवढे लोकांना ठाऊक असते. माझे शरीर ते स्वतः तयार करत नाही, मी फक्त ती तूट भरून काढतो, हे ठाऊक नसते. एका पावसाळ्यात कोणीतरी दिलेला सल्ला ऐकून मी ती चार दिवस बंद केली. त्यात ताप आणि उलट्या झाल्या. बायको सांगते, मी तिला ओळखत नव्हतो. रिक्षात घालून दवाखान्यात नेले. रक्तदाब लागत नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या खिशातली मुंबईची चिठ्ठी वाचली आणि ताबडतोब शिरेत इंजेक्शन दिले, सलाइन लावले. तासाभरात मी ‘चहा मिळेल का’ असे विचारले. त्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली ती चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. ताप आला तर गोळी दुप्पट, उलटी होत असेल तर इंजेक्शन, गोळी कधीही आपल्या मनाने बंद करायची नाही, एवढे घरातल्या नातवालाही पाठ आहे.

२०२२ साली जागतिक वर्गीकरणात या गाठीचे नाव बदलले. नाव काहीही असो, तिच्याबरोबर मी पंचवीसहून जास्त वर्षे काढली. दर वर्षी रक्त, ठरावीक काळाने एमआरआय, हृदयाची आणि आतड्याची तपासणी. नोकरी पूर्ण केली, मुलीचे लग्न केले, निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभाच्या फोटोत पुन्हा पहिल्या रांगेत बसलो.

शाळेने ते दहा फोटो परत भिंतीवर लावले आहेत. तुमच्या घरातही असे फोटो असतील. एखाद्या दिवशी जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहा. अंगठी रुतते, चप्पल बदलते, डोके दुखते, पाळी थांबते, कडेचे दिसत नाही, या गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत घडत असतील तर त्या एकाच कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. डोके अचानक फुटेल असे दुखून उलट्या झाल्या आणि नजर गेली, तर त्या रात्रीच मोठे रुग्णालय गाठा. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

आणि कुणकेश्वरच्या जत्रेत मी दिसलो तर जरूर हाक मारा. फक्त डावीकडून येऊ नका, जरा समोर या. मी गर्वाने बघत नाही असे नाही, तिथले मला दिसत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)